बटणांचा फोन, तीन वाटा आणि पंधरा आठवडे

बटणांचा फोन घ्यायचा ठरवल्यापासून जुन्या फोनमधलं सिम काढेपर्यंत मला पंधरा आठवडे लागले. त्यातले निदान सहा वाचले असते. मी आधी फोन शोधत बसले आणि कोणाशी कुठून बोलायचं हे मागाहून ठरवलं. क्रम उलटा असता तर पहिली खरेदी झालीच नसती. ज्यांना की-बोर्डवाला फोन हवा आहे आणि निरोपांचा पसाराही आवरायचा आहे, त्यांच्यासाठी घडलं त्याच क्रमाने लिहिते.

आठवडा १ आणि २ : शोध

की-बोर्डवाले फोन आज मोजकेच निघतात. त्यामुळे नवे आणि दहा वर्षांपूर्वीचे फोन एकाच यादीत येतात, आणि खरा घोळ इथेच होतो. फोटोत सगळेच सारखे छान दिसतात.

ब्लॅकबेरीचं आधी सांगते, कारण बहुतेकांचा शोध तिथूनच सुरू होतो. क्यू१०, क्लासिक, पासपोर्ट हे फोन कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालायचे. ४ जानेवारी २०२२ रोजी त्यामागच्या सेवा बंद झाल्या. त्यानंतर या फोनांवर डेटा, कॉल, एसएमएस भरवशाने चालतीलच असं नाही, हे कंपनीनेच जाहीर केलं होतं. म्हणजे कपाटात ठेवायला उत्तम, रोजच्या वापराला नाही. नंतर अँड्रॉइडवर आलेले तीन ठळक फोन म्हणजे प्रिव्ह (२०१५), कीवन (२०१७) आणि की२ (२०१८). यातले शेवटचे दोन टीसीएल या कंपनीने बनवले आणि ब्लॅकबेरीचं नाव वापरायचा तिचा परवाना ३१ ऑगस्ट २०२० ला संपला. की२ची बटणं आजही मला सगळ्यांत आवडतात: २६ अक्षरं, प्रत्येकाला एक साध्या दाबाचा आणि एक लांब दाबाचा, असे ५२ शॉर्टकट. शिवाय बटणांवरूनच बोट फिरवून पान वर-खाली करता येतं. पण तो अँड्रॉइड ८.१ वर थांबला. ॲपवाले आपली किमान अट दर वर्ष-दोन वर्षांनी वर सरकवतात, तेव्हा असा फोन घेताना तो किती चांगला आहे यापेक्षा किती दिवस उरले आहेत हे बघावं लागतं.

बाकीचे पर्याय आकाराप्रमाणे लावले की डोकं शांत होतं. पडद्याखाली बटणं असलेले, म्हणजे युनिहर्ट्झचे टायटन मालिकेतले फोन. यातला टायटन पॉकेट ३.१ इंची पडद्याचा, तर टायटन २ हा ४.५ इंची, १४४० बाय १४४० पिक्सेलच्या चौकोनी पडद्याचा. आडवे सरकून उघडणारे, जसा एफएक्सटेकचा प्रो१: पडदा मोठा मिळतो, पण लिहिण्यासाठी दर वेळी फोन आडवा धरून उघडावा लागतो. पुस्तकासारखे मिटणारे, जसा प्लॅनेट कॉम्प्युटर्सचा जेमिनी. तो टेबलावर ठेवून वापरायचा, रांगेत उभं राहून नाही. आणि चौथा मार्ग, आयफोनला खालून जोडायच्या क्लिक्सच्या की-बोर्ड कव्हरचा. फोन लांबडा होतो, तोल वरच्या बाजूला जातो. पण फोन, ॲप, अपडेट सगळं आपलंच राहतं. ज्यांना बटणं जमतील की नाही याचीच शंका आहे, त्यांनी इथून सुरुवात करावी. कमीत कमी नुकसान होईल.

आकड्यांची बटणं असलेले, घडीचे साधे फोनही पाहिले. ज्यांना फक्त कॉल आणि एसएमएस हवेत त्यांना ते पुरतात. अशा बऱ्याच फोनांत असलेल्या कायओएस या प्रणालीवर व्हॉट्सॲप मात्र आता चालत नाही, आणि जुन्या जाहिरातींत ते अजून लिहिलेलं असतं. तेवढं लक्षात ठेवा.

आठवडा ३ आणि ४ : पहिली खरेदी, पहिली परतपाठवणी

सेकंडहँड फोन घेतला. मॉडेल सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष त्या एका नगाचा होता. पार्सल नवव्या दिवशी आलं. परत करायला सात दिवसांची मुदत होती, आणि ती मी घेण्याआधीच वाचली होती हे फार बरं झालं.

आल्या आल्या काय तपासावं ते सांगते, कारण ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि मुदतीतच करायची आहे.

आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघायचा. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग फॅक्टरी रीसेट करून फोन पहिल्यापासून सुरू करायचा. आधीच्या मालकाचं गूगल खातं मागितलं गेलं, तर तो फोन तुमचा झालेलाच नाही. विकणाऱ्याने खातं काढून दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग मागचं झाकण आणि पडद्याची कड नखाने चाचपायची. कुठे उचललेलं वाटलं तर आत बॅटरी फुगलेली असू शकते, आणि अशा फोनला चार्जरही लावू नये.

मग सिम घालून कॉल लावायचा आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघायचं. कॉल लागताच ४जीचं चिन्ह जाऊन ३जी, एच किंवा ई आलं, तर त्या फोनवर तुमच्या नेटवर्कचं व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालत नाही. इंटरनेट व्यवस्थित चालत असतं, त्यामुळे हे पटकन ध्यानात येत नाही. जिथे ३जी आणि २जी बंद झालं आहे किंवा होणार आहे, तिथे असा फोन कॉल करूच शकणार नाही. एकाच नावाच्या फोनची वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळी आवृत्ती असते, आणि फ्रिक्वेन्सी बँड त्याप्रमाणे बदलतात. म्हणून फोनच्या नावापेक्षा पूर्ण मॉडेल क्रमांक महत्त्वाचा. तो विकणाऱ्याकडून आधी मागून घ्या.

शेवटी बटणं. इंग्रजीतलं ‘द क्विक ब्राउन फॉक्स जंप्स ओव्हर द लेझी डॉग’ हे वाक्य दहा वेळा टाइप करायचं. त्यात सव्वीसच्या सव्वीस अक्षरं येतात. मग ऑल्ट धरून सगळे आकडे, शिफ्ट, बॅकस्पेस, एंटर. अंधारात बटणांमागचे दिवे. मी आठव्या वेळेपर्यंत गेले तेव्हा दिसलं की ‘ओ’ अधूनमधून दोनदा उमटतोय. बटणाखाली धातूची छोटी वाटी असते. ती दबली की संपर्क होतो आणि ‘टक’ जाणवतो. वाटी झिजली किंवा खाली घाण गेली की एका दाबात संपर्क दोनदा होतो. घाण असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काम भागतं. झीज असेल तर वाटी एकटी बदलता येत नाही, अख्खा की-बोर्ड त्याच्या पट्टीकेबलसकट बदलावा लागतो. दुरुस्तीवाल्याने सुटा भाग मिळण्याची खात्री दिली नाही. बॅटरी बदलायची तर त्याचा खर्च फोनच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढा होता. पाचव्या दिवशी फोन परत पाठवला. पैसे यायला आणखी अकरा दिवस लागले. पाठवताना केलेला व्हिडिओ, ज्यात अक्षर दोनदा उमटताना दिसतं, तो तक्रारीला जोडला होता. एकही उलट प्रश्न आला नाही.

आठवडा ५ आणि ६ : जे आधी करायला हवं होतं

पैशांची वाट बघण्यात गेलेले दिवस कामी आले. या दोन आठवड्यांत मी फक्त मोजलं.

अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडलं की कोणत्या ॲपने दिवसाला किती सूचना पाठवल्या ते दिसतं. अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरी चालू करता येते. तिच्यात मागच्या चोवीस तासांतल्या पुसलेल्या सूचनाही राहतात. रोज रात्री त्यातून वहीत तीन रकाने भरले: कोण, कुठून, उत्तर कधीपर्यंत हवं होतं. ‘कुठून’च्या रकान्यात नऊ वाटा निघाल्या: कॉल, एसएमएस, तीन मेसेजिंग ॲप, दोन ईमेल खाती, दोन सोशल ॲपच्या इनबॉक्स. मला धक्का बसला तो तिसऱ्या रकान्याचा. तासाभरात उत्तर हवंच होतं असे निरोप दोन आठवड्यांत अकरा. त्यातले आठ कॉलच होते.

त्यावरून तीन वाटा ठरल्या. आत्ता हवं असेल तर कॉल. आज हवं असेल तर एक मेसेजिंग ॲप. या आठवड्यात चालेल किंवा लांब लिहायचं आहे तर ईमेल, तेही एकाच पत्त्यावर. एसएमएस फक्त कोड आणि बँकेच्या निरोपांसाठी.

फोन कोणता घ्यायचा हे या पानावरून पाच मिनिटांत ठरलं. माझं बहुतेक लिखाण ईमेलचं आणि लांब उत्तरांचं, म्हणून बटणांचा फायदा होणार होता. व्हिडिओ मी फोनवर बघत नाही, म्हणून चौकोनी पडदा चालणार होता. ज्यांचं पान फोटो, व्हॉइस नोट आणि व्हिडिओ कॉलनी भरेल, त्यांनी की-बोर्डवाला फोन घेऊच नये असं मी स्पष्ट म्हणेन. चौकोनी पडद्यावर व्हिडिओ वर-खाली काळ्या पट्ट्यांत आक्रसतो आणि बटणं नुसती जागा अडवतात.

आठवडा ७ ते १० : मागणी आणि वाट

टायटन २ मागवला: अँड्रॉइड १५, ५०५० एमएएचची बॅटरी, १२ जीबी रॅम, वजन २३५ ग्रॅम. मागणी ते हातात पडणं, तेवीस दिवस. किमतीत सीमाशुल्क धरलेलं आहे का, हे मागणी नोंदवतानाच बघा. नसेल तर पार्सल दाराशी आल्यावर वेगळी रक्कम भरावी लागते.

या काळात जुन्या फोनवरच आवराआवर सुरू केली. जाहिरातींची पत्रं एकेक उघडून अनसबस्क्राइब केली, रोज दहा. दुसरं ईमेल खातं पहिल्याकडे फॉरवर्ड केलं. व्हॉट्सॲपचे जे ग्रुप फक्त वाचायचे होते ते अर्काइव्हमध्ये टाकले आणि ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू ठेवलं, नाहीतर नवा निरोप येताच ते पुन्हा वर येतात. जे सोडायचे होते ते सोडले. २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते, त्यामुळे त्यात वाटतो तेवढा संकोच उरलेला नाही.

आठवडा ११ आणि १२ : बटणं, चौकोन आणि मराठी

पहिले चार दिवस लिहिण्याचा वेग घटतो. हे सगळ्यांना होतं, घाबरू नका. काचेवर ॲप आपल्या चुका गुपचूप दुरुस्त करत असतं. बटणांवर जे दाबू तेच उमटतं. अंगठ्याचा मऊ भाग नाही, नखाजवळची कड बटणावर टेकवायची. फोन दोन्ही हातांच्या मधल्या बोटांवर तोलून धरायचा. करंगळीवर भार घेतला की पंधरा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. ऑल्ट एकदा दाबला तर पुढच्या एका बटणापुरता लागतो आणि दोनदा दाबला तर अडकून राहतो, हे कळेपर्यंत पासवर्ड चुकत राहतात. माझं बँकेचं खातं तीन चुकांनंतर एक दिवस बंद राहिलं ते यामुळेच. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह दाबून काय उमटतंय ते आधी बघा.

चौकोनी पडद्यावर काही ॲपची खालची बटणं कापली जातात, कारण ती उभ्या लांब पडद्यासाठीच आखलेली असतात. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले साइझ एक पायरी कमी केली की बहुतेक ठिकाणी ‘पुढे’चं बटण दिसायला लागतं. तरी नाही दिसलं तर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि ‘स्मॉलेस्ट विड्थ’चा आकडा थोडा वाढवायचा. मूळ आकडा आधी कागदावर लिहून ठेवा.

आता ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी होती ते. या फोनांवर मराठी.

इन्स्क्रिप्टची, म्हणजे संगणकावरच्या देवनागरी की-बोर्डच्या मांडणीची, सवय असलेल्यांना वाटेल की लेआउट बदलला की झालं. नाही होत. इन्स्क्रिप्टमध्ये ‘य’ तिरक्या रेघेच्या बटणावर आहे, ‘च’ आणि ‘छ’ अर्धविरामाच्या, ‘ट’ आणि ‘ठ’ अवतरणचिन्हाच्या, ‘ड’ आणि ‘ढ’ चौकटी कंसाच्या. फोनच्या की-बोर्डवर ही बटणंच नसतात. म्हणजे ‘क’, ‘ळ’, ‘ण’ मिळतात, पण ‘चटई’ लिहिता येत नाही आणि ‘याचं’ही लिहिता येत नाही. आणि मराठीत ‘च’ व ‘य’ सोडून एक वाक्य लिहून बघा.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय बरीच जण वापरतात. ती पडद्यावरच्या की-बोर्डचा भाग आहे. खरी बटणं वापरू लागलं की पडद्यावरचा की-बोर्ड लपतो; माझ्याकडे त्याबरोबर ही सोयही गेली आणि नुसती इंग्रजी अक्षरं उमटत राहिली. उपाय हा: सेटिंग्जमध्ये फिजिकल की-बोर्ड, त्यात ‘यूज ऑन-स्क्रीन की-बोर्ड’ चालू. आता दोन्ही एकदम राहतात. मराठी पडद्यावर, इंग्रजी बटणांवर. चौकोनी पडद्याचा निम्मा भाग त्यात जातो हे खरं आहे. म्हणून छोटी मराठी उत्तरं मी बोलून लिहिते आणि पाठवण्याआधी एकदा वाचते. आवाजावरून लिहिताना ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत होतेच. लांब मराठी पत्र मात्र लॅपटॉपवर, पूर्ण इन्स्क्रिप्टमध्ये. तुमचं नव्वद टक्के लिखाण देवनागरीत असेल आणि तेही फोनवरच होत असेल, तर या फोनांवर पैसे घालण्याआधी हा परिच्छेद पुन्हा वाचा. मला स्वतःला याचं वाईट वाटतं. बटणांवर ‘ळ’ दाबून ‘ळ’ उमटावा इतकी साधी अपेक्षा आहे.

आठवडा १३ ते १५ : स्थलांतर

इथे क्रम चुकला तर खात्यांची दारं बंद होतात. मी असा ठेवला.

सगळ्यांत आधी टू-फॅक्टरचे, म्हणजे पासवर्डनंतर मागितले जाणारे, कोड. गूगल ऑथेंटिकेटरमधून ‘ट्रान्सफर अकाउंट्स’ने क्यूआर काढून नव्या फोनवर घेतले आणि प्रत्येक खात्यात एकदा आत जाऊन बघितलं. ईमेलचे रिकव्हरी कोड कागदावर उतरवले. यात दोन संध्याकाळी गेल्या. मग व्हॉट्सॲप: आधी टू-स्टेपचा सहा आकडी पिन आठवतोय याची खात्री, मग जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स, नव्यावर त्याच नंबरने नोंदणी, नव्या फोनवर येणारा क्यूआर जुन्याने स्कॅन करायचा. दोन्हीकडे वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं, आणि दोन्ही फोन चार्जरला. माझ्या गप्पा जायला पन्नास मिनिटं लागली. मध्ये पडदा बंद झाला तेव्हा पहिला प्रयत्न तुटला, म्हणून स्क्रीन टाइमआउट आधी वाढवा. लॅपटॉपवर जोडलेलं व्हॉट्सॲप पुन्हा जोडावं लागतं. मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, हेही इथेच लिहून ठेवते.

बँकेची ॲप सर्वांत शेवटी, एका दिवशी एकच. काही ॲप त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून ओळख पटवतात, तेव्हा सिम आधी नव्या फोनमध्ये हलवलेलं असलं पाहिजे.

सूचना मी उलट बाजूने लावल्या: सगळ्या बंद, मग तीन वाटांपुरत्या चालू. ईमेलच्या सूचना बंदच. दिवसातून दोनदा स्वतः उघडते. डू नॉट डिस्टर्ब कायम चालू आहे. त्यात तारांकित संपर्कांचे कॉल येऊ दिले आणि ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवलं. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला तर फोन वाजतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच सांगितलं की महत्त्वाचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. ते त्यांना पहिल्याच दिवशी जमलं.

लोकांना कळवायचा मजकूर मी चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्हींत कारणं होती, आणि कारण दिलं की चर्चा सुरू होते. शेवटी पाठवला तो असा: ‘१ तारखेपासून मी फक्त या नंबरवर आणि या ईमेलवर असेन. तातडीचं असेल तर कॉल कर. इतर ॲपवरचे निरोप मला दिसणार नाहीत.’ त्यात मोठ्यांसाठी ‘करा’ केलं. एकगठ्ठा न पाठवता वहीतल्या एकतीस जणांना वेगवेगळा पाठवला, दोन दिवसांत झालं. दोघांनी विचारलं, रागावली आहेस का? त्यांना मी कॉल केला. बंद करायच्या ॲपमधली खाती लगेच उडवली नाहीत. तिथल्या ओळखीच्या ओळीत ‘इथे निरोप वाचले जात नाहीत’ एवढं लिहून महिनाभर ठेवली.

जुना फोन आठवड्यातून एकदा चार्ज करते. एका जुन्या सदस्यत्वाचं लॉगिन अजून त्याच्यावरच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि ते बदलायचा अर्ज करून आज नऊ दिवस झालेत. तो मार्गी लागेपर्यंत फॅक्टरी रीसेट नाही.